मंडईतला कोबी

डिसेंबरच्या सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी मी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत जातो. 1886 साली उभ्या राहिलेल्या या दगडी वास्तूच्या मनोऱ्यावर कोवळे ऊन उतरत असते आणि खाली गाळ्यांवर कोबीचे गड्डे रचलेले असतात. हिवाळ्यात आवक वाढली की कोबी स्वस्त होतो. पेन्शनवर घर चालवणारी मंडळी गड्डा हातात जोखून, घट्ट आणि जड असेल तोच निवडतात.

याच मंडईत काही वर्षांपूर्वी एक सूनबाई भेटल्या. पिशवीत दोन गड्डे होते. “डॉक्टर, महिनाभर दोन्ही वेळा कोबीच करते आहे. मऊ शिजवला की मामंजींना चावता येतो, आणि परवडतोही.” मामंजींच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली होती व रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते वॉर्फरिन घेत असत. मी थबकलो. कोबीतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीचा प्रभाव कमी करते. त्याच दिवशी आयएनआर तपासला. रक्त हवे तितके पातळ राहिले नव्हते. गोळीची मात्रा वेळीच बदलता आली. चूक सूनबाईंची नव्हती; गोळी लिहून देताना आहाराविषयी न बोलणारा मी होतो.

म्हणून कोबी वर्ज्य करावा काय? मुळीच नाही. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या व कोबी यांचे प्रमाण आठवडोआठवडे साधारण सारखे ठेवावे. एकाएकी वाढवू नये, एकाएकी बंदही करू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या सर्वच गोळ्यांना हा नियम लागू नाही, तेव्हा आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारावे.

ज्येष्ठांसाठी कोबी असा करावा : वरची पाने काढून, उरलेली सुटी करून धुवावीत व बारीक चिरावीत. थोड्या तेलात मोहरी, हिंग, हळद घालून भिजवलेली मूगडाळ व कोबी परतावा. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफवावा. पाणी ओतून टाकू नये. त्यासोबत ‘क’ जीवनसत्त्वही जाते. फार वेळ शिजवल्यास उग्र वास सुटतो. पोटात वायू धरत असेल, तर थोड्याच प्रमाणात खावा.

त्या सूनबाई आजही मंडईत भेटतात. आता पिशवीत कोबीचा एकच गड्डा असतो, आणि सोबत दुधी, गाजर.