बघे आणि कद्रदान

आमच्या आपाची मुलगी खत्ताती करते. बोरूच्या कलमाने उर्दू-अरबी सुलेखन. तिचे काम लोकांपुढे यावे, याबद्दल घरात कोणाचेच दुमत नव्हते. ते मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून, म्हणजे रीलमधून यावे का, यावर मात्र बरीच चर्चा झाली. “पोरीची जात, कशाला साऱ्या जगापुढे?” असे तिच्या दादीचे म्हणणे. दुल्हाभाई कुवेतहून फोनवर म्हणायचे, “अम्मी, हुनर आहे तर काय पेटीत कुलूप लावून ठेवायचं?” शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी खाला म्हणून मामला माझ्याकडे आला. गेली दोन वर्षे मी हे सारे जवळून पाहते आहे. आपल्या घरोघरी असा प्रश्न कधी ना कधी येणार, म्हणून लिहिते.

आधी हे बघू या की खत्ताताला नव्या प्रेक्षकाची गरज का पडली. एके काळी उर्दू वर्तमानपत्राचे पान कातिब हाताने लिहीत आणि मग ते छापले जाई. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर संगणक आल्यानंतरही कित्येक वर्षे हातानेच लिहिले जात होते. पण १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हे संगणकाचे अक्षर आले आणि लाहोरचे ‘जंग’ त्यात छापले जाऊ लागले. १९९०च्या दशकात इनपेज आले, आपल्याकडच्या छापखान्यांतही पोहोचले आणि कातिबाची रोजी गेली. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवर गेल्या, निकाहच्या पत्रिका संगणकावर. आता खत्ताताला काम देणार ते हौशी लोक: घरात आयतीची फ्रेम लावणारे, बाळाचे नाव लिहून घेणारे. हे लोक एका मोहल्ल्यात सापडत नाहीत. दहा गावांत एखादा असतो, आणि तो मोबाइलवर भेटतो.

जून २०२० मध्ये टिकटॉकवर आपल्या देशात बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली, मग यूट्यूबने शॉर्ट्स आणले. पूर्वी फोटो टाकला की तो बहुधा आपल्या ओळखीच्यांनाच दिसे. रीलचे तसे नाही. ती आधी थोड्या अनोळखी लोकांना दाखवली जाते. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, जपून ठेवली, कोणाला पाठवली, तर आणखी लोकांपुढे जाते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत अंगठा सरकला, तर ती तिथेच संपली. म्हणून भाचीने सुरुवातीची ओळखपाळख काढून टाकली. व्हिडिओ उघडताच शाईत बुडलेले कलम कागदावर टेकते. पुढचे अक्षर कोणते, हे बघायला माणूस थांबतो.

घरातले अर्धे वाद कामाच्या पद्धतीनेच मिटले. मोबाइल वरून खाली बघेल असा स्टँडवर लावायचा, म्हणजे चौकटीत फक्त कागद, दौत आणि हात. चेहरा येत नाही. दादीला हे पटले. उजेड डावीकडच्या खिडकीतून घ्यायचा, म्हणजे हाताची सावली कलमाच्या टोकावर पडत नाही. गाणे लावायचे की नाही, हाही वाद होता. पण बोरू कागदावर चालताना जो बारीक कुरकुर आवाज येतो तो इतका गोड असतो की दुसरे काही लावावेच लागले नाही. अनोळखी मेसेज बंद ठेवले. ऑर्डरचे बोलणे आपा स्वतः करते, आणि घरचा पत्ता कुठेही दिलेला नाही. एका मोठ्या पेजने तिचा व्हिडिओ नाव कापून स्वतःचा म्हणून लावला. तेव्हापासून ती कोपऱ्यात सही करत नाही, अक्षरांच्या मधल्या जागेत करते. आता नाव कापायचे तर अक्षरही कापावे लागते.

तरीही बरेच महिने बघणारे फारसे वाढले नाहीत. खत्तातीचे व्हिडिओ तुर्कस्तान, इराण, पाकिस्तानातून रोज निघतात. त्या उस्तादांपुढे आमच्या मुलीकडे कोण बघणार? फरक पडला तो मराठीमुळे. एकदा तिने अलिफ किती उंच असावा ते मराठीत लिहून दाखवले. कलमाच्या टोकाने एकावर एक तीन नुक्ते ठेवायचे, नस्तालीकचा अलिफ साधारण तेवढा. नस्ख लिपीत तो पाच नुक्त्यांचा होतो. त्या व्हिडिओखाली सोलापूर, सातारा, खेडकडची आपली माणसे लिहू लागली. बरीचशी मराठी शाळेत शिकलेली. कुरआन शरीफ अरबीत वाचणारी, पण उर्दू अक्षर हातात न बसलेली. कोणी म्हणाले, माझ्या अब्बांची पत्रे उर्दूत आहेत, मला वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी तिने एकेका अक्षराची रील केली. जीमचे पोट कसे वळते, हेचे दोन डोळे कुठून येतात, हे सारे मराठीत. तिला वाटत होते प्रेक्षक दूर कुठेतरी आहे. तो आपल्याच बोलीत तिची वाट बघत होता.

आता त्या एका व्हिडिओबद्दल. तिचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ एका आयतीचा होता. वेग वाढवलेला, आणि शेवट असा कापलेला की तो पुन्हा पुन्हा फिरत राहावा. लोक एकमेकांना पाठवत होते. मग मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांनी आपाला निरोप दिला, “बेटीला सांगा, एक जबर राहिलाय. आणि आयत अर्ध्यावर तोडू नये.” भाची रात्रभर गप्प होती. तो व्हिडिओ ठेवला असता तर पेज कुठल्या कुठे गेले असते, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होते. मैत्रिणी म्हणाल्या, खाली दुरुस्ती लिहून टाक, कशाला काढतेस? सकाळी तिने तो काढला. चूक कबूल करून, पूर्ण आयत शांतपणे लिहून नवा व्हिडिओ टाकला. तो फार थोड्यांनी पाहिला.

पण मशिदीत लावायला मोठी फ्रेम हवी म्हणून एका कमिटीचा फोन आला, तो या दुसऱ्या व्हिडिओवरून. जी मुलगी आपली चूक लपवत नाही तिच्या हाताने लिहून घ्यावे, असे त्या बुजुर्गांनी आपाला सांगितले. दुल्हाभाईंनी त्या दिवशी दोनदा फोन केला.

आता तिचे नियम ठरलेले आहेत. आयत लिहायची तर आधी हाफिजसाहेबांना दाखवायची. पूर्ण मावत असेल तरच व्हिडिओ करायचा, नाहीतर नावे आणि अक्षरे पुष्कळ आहेत. रोज आधी दोन तास मश्क, त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत. चित्रीकरण फक्त रविवारी. एका बैठकीत तीन-चार व्हिडिओ होतात आणि आठवडाभर पुरतात.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, कद्रदान. ज्याला कामाची किंमत कळते तो. रीलने बघे मिळतात, आणि बघे मिळालेच पाहिजेत, कारण त्यांच्यातूनच कद्रदान निघतो. पण बघ्यांची संख्या मोबाइल मोजून देतो, कद्रदान मोजता येत नाहीत. ते अक्षराकडे बघतात, अक्षर लिहिणाऱ्याच्या नियतीकडेही बघतात. देवनागरीत अच्युत पालव यांनी हेच केले. वर्षानुवर्षे कार्यशाळा घेऊन, लोकांसमोर लिहून त्यांनी अक्षरावर प्रेम करणारी माणसे जोडली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. साधन वेगळे असले तरी वाट तीच आहे.

तुमच्या घरातही कोणी मेंदी काढत असेल, जरदोजी करत असेल, नात लिहीत असेल. त्याला व्हिडिओ करू द्या. चौकट कुठवर ठेवायची ते सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि संध्याकाळी विचारायचेच असेल, तर आज किती लोकांनी पाहिले हे विचारू नका. आज मश्क झाली का, एवढे विचारा.