अलिबागचा पाऊस आणि अंगालगतचा कपडा

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांची झोप उडते. ओढे भरतात, भातखाचरांच्या बांधांवरून पाणी खाली वाहू लागते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढतात, अंडी घालायला. याला इकडे वलगण म्हणतात. बॅटऱ्या, पाग, टोपल्या, काही नाहीच तर जुनी मच्छरदाणी घेऊन माणसे चिखलात उतरतात. बिळातून बाहेर आलेले मुठेही त्याच रात्री हाती लागतात. जंगलातल्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आणली. तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर शिकारीची म्हणावी अशी हीच एक रात्र उरली आहे.

माझ्या माहेरच्या घरी या रात्रीची तयारी म्हणजे बॅटरीचे सेल आणि मसाला. अंगात काय घालायचे याचा विचार कुणी करीत नाही. फाटका सुती बनियन, हाफ पँट, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, झाले. मग रात्री दोनच्या सुमारास बारा-तेरा वर्षांचा एखादा पोरगा दात वाजवत घरी येतो आणि दादी म्हणते, याला नजर लागली. नजर नाही लागली, बनियन लागला.

अलिबागची हवा एका रात्रीत तीनदा बदलते. पाऊस येण्याआधी इतकी दमट असते की बसल्या जागी घाम फुटतो आणि सुकत नाही. मग सर येते, आणि सरीबरोबर समुद्रावरचा वारा. पाऊस थांबतो, वारा राहतो. पारा २५ च्या खाली गेलेला नसतो, तरी माणूस कुडकुडतो. कारण साधे आहे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पटींनी लवकर ओढून नेते. सुती कापड स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरून ठेवते आणि ते पाणी अंगाला चिकटवून ठेवते. त्यावर वारा लागला की ते सुकायला लागते, आणि सुकण्यासाठी लागणारी उष्णता आपल्याच अंगातून घेते. मोठा माणूस हालचाल करून तग धरतो. लहान मुलाचे अंग बारीक, चरबी कमी; ते लवकर गार पडते. कापरे भरलेले पोर बांधावरून घसरले आणि ओढ्याला ओढ असली तर पुढचे सांगायला नको.

वरून रेनकोट चढवला की काम झाले असे पुष्कळांना वाटते. पण रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो तसा आतला घामही अडवतो. तासाभराने माणूस आतून तितकाच भिजलेला असतो. म्हणून प्रश्न वरच्या कपड्याचा नसून अंगाला लागून असलेल्या पहिल्या कपड्याचा आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. लावणीच्या वेळी शेतकरी पाठीवर इरले घेई, नाहीतर घोंगडीची खोळ डोक्यावरून सोडी. इरल्याखाली वारा खेळतो, त्यामुळे घाम कोंडत नाही. घोंगडी लोकरीची, लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब पुरती सोडीत नाही. थंड मुलखातले शिकारी आणि गिर्यारोहक अंगालगत बारीक लोकरीचे कपडे घालतात ते याचसाठी. मात्र आपल्या दमट हवेत लोकर अंगाला लावून चालणे म्हणजे शिक्षा. शिवाय तिची किंमत ऐकूनच घाम फुटेल.

दुसरी गोष्ट मला फार आवडते, कारण तिचे मूळ कोळ्याच्या जाळ्यात आहे, फक्त ते जाळे नॉर्वेतले. तिथल्या हेन्रिक ब्रून नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९३३ मध्ये मासे पकडायच्या जुन्या जाळ्यांपासून बनियन तयार केला. मोठ्या भोकांमुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही. भोकांत हवा राहते, घामाला बाहेर पडायला वाट मिळते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहकही असे जाळीचे बनियन वापरत होते. आपल्या बाजारात जाळीचा बनियन अजून मिळतो. तरुण मुले त्याला म्हाताऱ्यांचा बनियन म्हणून हसतात. हसू द्या. थंडी-पावसात तो साध्या सुती बनियनपेक्षा बरा, आणि जाळी पॉलिस्टरची असेल तर आणखी बरा.

पॉलिस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक टक्काही ओलावा शोषत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत राहते. पिळले, झटकले की बरेचसे निघून जाते आणि उरलेले अंगाच्या उबेने सुकते. यासाठी महागड्या दुकानात जायची गरज नाही. पोरांच्या फुटबॉल-क्रिकेटच्या जर्सी याच कापडाच्या असतात. वलगणीला जाणाऱ्या पोराला बनियन काढायला लावा आणि जर्सी घालायला द्या, अंगाबरोबर बसणारी, ढगळ नको. ढगळ जर्सी वाऱ्यात फडफडते आणि दर फडफडीला ऊब घेऊन जाते. एक खोट सांगायला हवी: या कापडाला घामाचा वास लवकर लागतो आणि धुतल्यावरही थोडा राहतो. आल्या आल्या बादलीत टाकावी, पिशवीत कोंबून ठेवू नये.

खाली काय, हेही तितकेच महत्त्वाचे. ओली सुती चड्डी चार तास चालली की मांड्या सोलतात आणि पंधरा दिवसांनी नायटा उठतो. पावसाळ्यात घरातल्या एकाला नायटा झाला की एकाच टॉवेलवरून सगळ्या घरात फिरतो. गुडघ्यापर्यंतची खेळाची अर्धी विजार लवकर सुकते. लुंगी खोचून जाणाऱ्या मामूंना मात्र मी काही सांगत नाही. त्यांची लुंगी पॉलिस्टरमिश्रित असते आणि हवा खालून खेळते, त्यांचे बरे चालले आहे.

आता बायकांविषयी, कारण अलिबागला सहकुटुंब जाणारे पुष्कळ, आणि कपड्यांचा सल्ला देणारे आमच्याबद्दल काहीच बोलत नाहीत. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते, पण वाटेत घोट्याएवढे, कधी गुडघ्याएवढे पाणी लागते. वरचा बुरखा बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो, तो किल्ल्याच्या दरवाजापर्यंत सुकतो. आतली सुती सलवार संध्याकाळपर्यंत ओली राहते, पायांना चिकटते, गार लागते, आणि सतर राखायचा म्हणून जो कपडा घातला तोच अंगाचा आकार दाखवू लागतो. आत पातळ, लवकर सुकणाऱ्या कापडाची लांब बाह्यांची कमीज आणि तशीच सैलसर विजार घातली तर दोन्ही अडचणी मिटतात. एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जवळ असू द्या. चिखलाने भरलेल्या कपड्यात असरची वेळ झाली की जी धांदल उडते ती तुम्हाला ठाऊकच आहे.

अलिबागहून रेवदंडा, काशीद करत मुरुडकडे निघाले की डाव्या हाताच्या डोंगरात फणसाडचे जंगल लागते. हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, आणि १९८६ मध्ये सुमारे ७० चौरस किलोमीटरचे हे रान अभयारण्य झाले. नवाबांनी शिकारीसाठी जपले म्हणून ते टिकले, ही गंमत आहे. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात: चिखलगाण, धरणगाण, फणसाडगाण. तिथे लपून बसून शेकरू किंवा पक्षी पाहायचे तर शिकाऱ्यासारखेच तास काढावे लागतात. चढताना घाम, बसल्यावर गारवा. सावलीत ओला सुती सदरा पाठीला लागला की माणूस हलतो, शिंकतो आणि पाखरू उडते. चढणीला कपडे कमीच घाला, आणि बसायच्या जागी पोचल्यावर पिशवीतला सुका सदरा वरून चढवा. भडक रंगाची जर्सी इथे नको.

असे तासन्‌तास बसून पाहण्याचा धडा अलिबाग तालुक्यातच गिरवला गेला आहे. डॉ. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत. जर्मनीहून परतल्यावर हाती नोकरी नव्हती, तेव्हा १९३० मध्ये ते किहीमला राहिले आणि ऐन पावसाळ्यात सुगरण पक्ष्याची घरटी पाहत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर नांदते, मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. हे त्यांनी तिथे पाहिले आणि पुढच्या वर्षी छापले. किहीमच्या पावसात ते अंगात काय घालून बसत असतील, हा प्रश्न मला तिथून जाताना दर वेळी पडतो.

हिवाळ्यात मात्र सगळा हिशेब उलटतो. डिसेंबर-जानेवारीत शेतात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि भोवती पेटवलेला पेंढा व काटक्या. दुपारी घाम काढणारी हवा रात्री एकदम गार होते आणि पोरे त्याच जर्सीत आगीला खेटून उभी राहतात. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण चिकटत नाही. तेव्हा पोपटीच्या रात्री अंगालगत सुती सदरा, वर स्वेटर, आणि जर्सी घरी. मडके उतरवणाऱ्याने बाह्या दुमडून घ्याव्यात आणि ओढणी कमरेला घट्ट खोचावी.