आमचा संघ आणि आम्ही

दुसऱ्याच्या पायांवर आपले सुखदुःख सोपवून बसणारे जे जीव या जगात आहेत, त्यांत फुटबॉलच्या प्रेक्षकाचा क्रमांक बराच वरचा लागेल, असे आम्हांस वाटते. नाटकाचा शेवट नाटककाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. तेव्हा तेथे आशा धरण्याचे कारण नसते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला पूर्वरंगातच उत्तररंगाचा सुगावा लागतो. फुटबॉलच्या प्रेक्षकाला मात्र पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत आशा सोडवत नाही, आणि शिट्टी झाल्यावर राग आवरत नाही.

गोमंतकात ही व्यथा जुनी आहे. १८८३ साली शिवोलीस आलेल्या फादर विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी हा खेळ येथे रुजवला असे सांगतात. तेव्हापासून भाताची कापणी उरकली की आमच्या कुणग्यांतून गोलाचे खांब उभे राहतात. चर्चच्या अंगणात आणि देवळाच्या पाठीमागच्या मळ्यात चेंडू सारखाच उडतो. अशा भूमीत प्रत्येक माणूस जन्मतःच प्रशिक्षक असतो, यात नवल ते काय! सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर कालच्या सामन्यात कोणाला बदली उतरवायला हवे होते हे सांगूनच सायकलवर टांग मारतो. केशकर्तनालयात तर मतभेदाला वावच नसतो. कारण तेथील मत ज्याचे असते, त्याच्या हातात वस्तरा असतो आणि आपली मान त्याच्या ताब्यात असते.

या सर्व प्रशिक्षकांचा राग सर्वप्रथम कोणावर निघत असेल, तर तो गोलरक्षकावर. आघाडीचा खेळाडू दहा संधी दवडतो आणि अकराव्या वेळी गोल करून खांद्यावर मिरवतो. गोलरक्षकाचे गणित नेमके उलटे आहे. त्याने दहा फटके अडवले तर ते त्याचे कामच होते. अकरावा सुटला की सारे मैदान त्याच्याकडे बोट दाखवते. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला दिला, भारताचा कर्णधार म्हणून पाहिला, १९९७ साली अर्जुन पुरस्काराने आणि २०२२ साली पद्मश्रीने त्याचा गौरव झालेला पाहिला, त्या गोव्याने तरी गोलरक्षकाची ही अडचण जाणावी अशी अपेक्षा आहे. पण हरलेल्या रात्री एवढे तारतम्य कोणाजवळ शिल्लक राहते?

२० डिसेंबर २०१५ ची रात्र अशीच होती. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, मैदान आमचे फातोर्ड्याचे, संघ आमचा, एफसी गोवा. प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचे झिको, म्हणजे ज्यांचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांनी विश्वचषकाच्या गोष्टींत ऐकवलेले. समोर चेन्नईयिन. चेन्नईने आघाडी घेतली, हाओकिपने चार मिनिटांत बरोबरी साधली, आणि ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ असे पुढे नेले. उरली किती मिनिटे? तीन आणि वरची काही. आतषबाजीची काडी ओढायची तेवढी बाकी होती. ९० व्या मिनिटाला चेंडू आमचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडूनच आपल्या जाळ्यात गेला; नोंदवहीत तो स्वयंगोल म्हणून लिहिला गेला. त्यानंतर दोनच मिनिटांनी मेंडोझाने तिसरा गोल केला आणि चषक चेन्नईला गेला.

त्या रात्रीपासून कित्येक दिवस आमच्या तिठ्यावर कट्टीमणीचे नाव ज्या स्वरात उच्चारले जाई, तो स्वर विद्यार्थ्यांच्या वार्षिकात उतरवण्याजोगा नाही. त्याच सामन्यात त्याने पेनल्टीचा फटका अडवला होता, याची आठवण कोणी काढली की त्या माणसाकडे संशयाने पाहिले जाई. अंतिम सामन्याच्या अखेरच्या क्षणी दोन गोल होतात तेव्हा केवळ गोलरक्षक नव्हे, सारी बचावफळीच विस्कटलेली असते. पण अकरा जणांवर रागावणे मनाला जड जाते. एकावर रागावणे सोपे.

आता याचा उत्तररंग ऐका. पुढे कट्टीमणी हैदराबादच्या संघात गेला. २० मार्च २०२२ रोजी त्याच लीगचा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यावर झाला. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. १-१ अशी बरोबरी, जादा वेळातही निकाल नाही, म्हणून पेनल्टी. त्या पेनल्टींच्या कसोटीत केरळचे तीन खेळाडू त्याच्यासमोर हरले. त्यांतील एकाचा फटका पंचांनी पुन्हा घ्यायला लावला, तर तोही याने अडवला. हैदराबादने ३-१ अशी बाजी मारली. जे मैदान, ज्या चषकाचा सामना, तोच गोलरक्षक. बदलला होता तो फक्त अंगातील सदरा. नव्या सदऱ्यात का होईना, सहा वर्षांनी त्याने त्याच गवतावर आपला हिशेब चुकता केला.

येथेच आमच्या मनातील खरी खंत सुरू होते. खेळाडूची चूक हजारो डोळ्यांदेखत घडते. त्याला मान खाली घालून त्याच मैदानावरून बाहेर चालावे लागते आणि पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर परतावे लागते. फेड करण्याची संधीही त्याला मिळते. परंतु संघाविषयीचे जे निर्णय बंद दाराआड होतात, त्यांचे काय? ते कोणी घेतले, कोणत्या चर्चेनंतर घेतले, त्यांची किंमत कोणी मोजली, हे विचारायला आमच्याजवळ तिकिटाच्या अर्ध्या तुकड्याखेरीज अधिकार तो कोणता?

प्रथम मोठ्या निर्णयाचे घेऊ. विद्यार्थ्यांना आज कदाचित खरे वाटणार नाही, पण २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम भारताचे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नव्हते. चार वेळा डेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. डेंपोने तर त्याआधी २००४-०५ सालचे धरून एकूण पाच विजेतेपदे मिळवली आणि पाचही वेळा प्रशिक्षक होते आमचेच आर्मांद कुलासो. एवढ्याशा प्रदेशाने एवढ्या मोठ्या देशाला सात वर्षे मागे ठेवले! मग नव्या लीगचा काळ आला. २०१६ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या नव्या लीगला पहिला मान देणारा आराखडा पुढे आणला, आणि त्याच्या निषेधार्थ साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाठोपाठ डेंपोही बाहेर पडला. आणि तोही दुसरी श्रेणी जिंकून नुकताच वरच्या श्रेणीत चढलेला असताना.

क्लबांचा राग आम्हांस समजतो. पैसा ओतायचा, खेळाडू घडवायचे, विजेतेपदे आणायची, आणि एके दिवशी कोणीतरी सांगायचे की तुमची जागा आता दुसऱ्या पंगतीत. असे ऐकून पान सोडून उठणे हे मानी माणसाला साजेसेच. महासंघाचीही काही बाजू असेल; नव्या लीगने दिवे आणले, पैसा आणला, परदेशी खेळाडू आणले, घराघरांत सामने दिसू लागले. परंतु या मानापमानात पाहुणे आणि यजमान दोघेही आपापल्या घरी गेले, आणि उपाशी राहिली ती वाढप्यांची पोरे. डेंपोने आय-लीगमध्ये पुन्हा पाऊल ठेवले ते २०२४-२५ च्या हंगामात. मधली आठ वर्षे म्हणजे किती, हे शाळेतल्या मुलांना निराळे सांगायला नको. त्या वर्षी पाचवीत असलेला मुलगा तेवढ्या काळात बारावीचा निकाल हातात घेऊन बाहेर पडतो. पाचवीत असताना ज्याने डेंपोच्या शुभ्र सदऱ्याकडे पाहून पायांत बूट चढवले असतील, त्याच्या खेळण्याच्या उमेदीची वर्षे या दारे बंद असण्याच्या काळातच सरून गेली. एका स्वयंगोलाने आमचा एक चषक गेला. या निर्णयांनी किती गोल झालेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही.

एफसी गोवाच्या प्रशिक्षकाचे प्रकरण त्यामानाने लहान, पण झोंबणारे. सेर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली हा संघ असा खेळत असे की पाहणाऱ्याने हरल्याचेही दुःख थोडे कमी करावे. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईला अंतिम सामन्यात बेंगळुरूने ११७ व्या मिनिटाला गोल करून आम्हांस पुन्हा रिकाम्या हातांनी परत पाठवले. पण पुढच्याच महिन्यात सुपर कप घरी आला. नंतरच्या हंगामात संघ गुणतक्त्यात सर्वांत वर होता, साखळीचे तीनच सामने उरले होते, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा यांना निरोप देण्यात आला. परीक्षेला तीन पेपर उरले असताना पहिल्या क्रमांकाच्या मुलाचे गुरुजी बदलावेत, तसे हे झाले.

गंमत अशी की बदली गुरुजी आमच्या मातीतले निघाले. क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रे हाती घेतली आणि तिन्ही सामने जिंकून दाखवले, शेवटचा तर जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. लीग शील्ड गोव्याला मिळाली आणि तिच्याबरोबर आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळण्याचा मान. तो मिळवणारा हा पहिला भारतीय क्लब. म्हणजे निर्णय बरोबर होता काय? आमच्या केशकर्तनालयात या प्रश्नावर अजूनही दोन तट आहेत. उपांत्य फेरीत चेन्नईला १-४ अशी हार खाऊन, घरी ४-२ असे जिंकूनही, एकंदर एका गोलाने संघ बाहेर पडला, हे एका तटाचे म्हणणे. शील्ड तर आली ना, हे दुसऱ्याचे. आमचे गाऱ्हाणे या दोहोंहून वेगळे आहे. निर्णय चांगला की वाईट हे पुढे निकालाने ठरते. पण ज्यांनी संघाबरोबर वर्षानुवर्षे घसा फोडला, त्यांना त्यामागचे कारण नीट उलगडून सांगावे एवढीही आठवण कोणाला होऊ नये?

त्यानंतरचे वर्ष तर आमच्या सहनशक्तीची कसोटी पाहणारे ठरले. लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या मागोमाग जाहू, फॉल, बूमूस हे मोहरे मुंबईच्या वाटेला लागले. पहिल्या हंगामापासून आमच्याबरोबर असलेला आणि कर्णधारपद भूषवलेला मंदार राव देसाईही गेला. लीगमध्ये गोव्यासाठी ४८ गोल करणारा कोरो तर आधीच दूर झाला होता. महामारीमुळे २०२०-२१ चा सारा हंगाम गोव्यातच झाला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्को. मैदाने आमची, पण आत प्रेक्षकांना मज्जाव. स्वतःच्या घरचे लग्न शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहावे, तसे आम्ही ते सामने पडद्यावर पाहिले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी मुंबईशी. दोन सामन्यांत निकाल लागेना, पेनल्टींवर ६-५ असे मुंबई पुढे गेली, आणि काही दिवसांनी तिने चषक उचलला, तोही फातोर्ड्याच्या ओस पडलेल्या बाकांसमोर.

खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. जो जिथे चार वर्षे अधिक खेळू शकेल आणि चार पैसे अधिक मिळवू शकेल तिथे जाईल. त्याचे पाय फार तर पस्तिशीपर्यंत साथ देतात. पण संघ म्हणजे नुसती नावाची पाटी आणि नारिंगी सदरा नव्हे. ज्यांच्या नावाने पोरे एकमेकांना हाका मारतात, तीच माणसे दर हंगामात बदलणार असतील, तर हाक मारायची कोणाला?

एवढे सगळे असून २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, फातोर्ड्याची बाके भरली होती. आशियाई स्पर्धेच्या सामन्यासाठी सौदी अरेबियाचा अल नस्र संघ आला होता. ज्याच्यासाठी अनेकांनी तिकिटे काढली होती, तो रोनाल्डो काही आला नाही. हाही एक निर्णयच, आणि तोही आम्हांस न विचारता झालेला! अल नस्रने दोन गोल केले. पण मध्यंतरापूर्वी आमच्या ब्रायसन फर्नांडिसने एक गोल केला, एकेकाळी डेंपो आणि साळगावकरच्या मुलांनी जसे केले असते तसा, समोर कोण उभे आहे याची फिकीर न करता. सामना १-२ असा गेला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या देवळासमोरच्या पटांगणात पोरांनी संघ वाटायला घेतले. रोनाल्डो व्हायला तिघे तयार होते आणि ब्रायसन व्हायला सात. गोलरक्षक व्हायला कोणीच तयार होईना. भांडण इतके लांबले की चेंडूला पहिला पाय लागण्याआधीच काळोख पडला.