पास कुठपर्यंत चालतो?

थंडीची चाहूल लागली की आपल्या मंडळातल्या घराघरांत एक चर्चा ठरलेली असते. यंदा मुलांसाठी स्कीचा कोणता पास घ्यायचा? २००८ पासून व्हेल रिसॉर्ट्सचा 'एपिक' आहे, २०१८ मध्ये त्याच्या जोडीला 'आयकॉन' आला. दोन्हींत मोठमोठे, नावाजलेले डोंगर. २०१९ पासून तिसरा एक पास मिळतो, 'इंडी'. त्यात छोटे, स्वतंत्र मालकीचे डोंगर असतात आणि प्रत्येक डोंगरावर दोन दिवस. आमचे चिरंजीव या तिसऱ्या पंथातले. छोट्या डोंगरावर रांग नसते, गाडी दारापाशी लावता येते आणि दुपारचा डबा उघडून बसलं तरी कुणी वाकड्या नजरेने बघत नाही, असं त्याचं म्हणणं.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे नागपूरला निघालो, तेव्हा त्याने विचारलं, "आई, आजोबांच्या गावाकडे फिरायला असा एखादा पास नाही का गं?"

आहे तर! आपल्या एसटीचा आहे. 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ सालची. आज चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे पास मिळतात. साध्या बसचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा. वरच्या बसचा पास खालच्या बसला चालतो, खालचा वर चालत नाही. मुदतीत कितीही बस बदला, कुठेही चढा, कुठेही उतरा. महामंडळाच्या परराज्यात जाणाऱ्या गाड्यांनाही तो चालतो, आणि आमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट हीच होती. कारण आम्हाला जायचं होतं ते सौंसर आणि पांढुर्ण्याला, म्हणजे मराठी मुलखात, पण मध्य प्रदेशात.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. जन्म सौंसर तालुक्यातल्या एका खेड्यात, नोकरी आणि निवृत्ती नागपुरात. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांचं गावी जाणं थांबलं होतं. आम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी एका जुन्या डायरीच्या पानावर सहा नावं लिहून ठेवली होती: सावनेर, धापेवाडा, जामसावळी, मोहगाव, पांढुर्णा, मुलताई. भाऊ म्हणाला, गाडी करून देतो, दोन दिवसांत सगळं होईल. बाबांनी मान हलवली. "गाडीवाला थांबून राह्यते, मंग मले घाई होते," असं त्यांचं कारण. आयुष्यभर एसटीने फिरलेला माणूस, एसटीनेच जाणार.

मग जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. तुम्हीही सुट्टीत असं फिरणार असाल तर हा हिशेब उपयोगी पडेल. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, एक टप्पा ६ किलोमीटरचा. २०२५ च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे साधारण १० रुपये पडतात. पासाचे दर अधूनमधून बदलतात, तेव्हा आगारात जाऊन ताजा दर विचारावा आणि मग असं करावं: समजा सात दिवसांचा पास २१०० रुपयांना पडला. दिवसाला झाले ३००. म्हणजे ३० टप्पे, म्हणजे १८० किलोमीटर. रोज एवढा प्रवास केला तर पास वसूल. त्याहून जास्त केला तर फायदा, कमी केला तर सुटी तिकिटं बरी.

चिरंजीवांनी लगेच लॅपटॉप उघडला. पास वसूल करायचा म्हणजे पहिल्या दिवशी नागपूर ते शिर्डी, तिथून कोल्हापूर, परत येताना पंढरपूर आणि तुळजापूर... तासाभरात रंगीत तक्ता तयार झाला. हिशेबाने तो अगदी बिनचूक होता. फक्त बाबांच्या यादीतलं एकही नाव त्यात उरलं नव्हतं.

पासाची ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पास आपण घेतो तो मोकळेपणासाठी, आणि घेतल्यावर तोच आपल्याला हाकायला लागतो. लांबचं गाव फायद्याचं वाटतं, जवळचं नुकसानीचं. सावनेर नागपूरहून ४० किलोमीटरच्या आत, धापेवाडा तिथून हाकेच्या अंतरावर. अशा गावांत दिवस काढला तर १८० किलोमीटर कुठून होणार?

दुसरा प्रश्न सवलतींचा. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीत ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे बाबांना पासाची गरजच नाही, मला तो घेऊन तोटा, उरले 'हे' आणि चिरंजीव. पास घराला एकच नसतो, हे पहिलं सूत्र. माणसागणिक हिशेब वेगळा करावा लागतो. स्कीच्या पासाचंही तेच आहे. सहा वर्षांचं लेकरू आणि रोज डोंगरावर जाणारा विशीतला मुलगा यांना एकाच मापाचा पास घेऊन देणं शहाणपणाचं नाही.

'ह्यां'नी रेल्वेचा विचार करून पाहिला. नकाशात फार सुंदर वर्तुळ दिसतं: नागपूर, पांढुर्णा, मुलताई, आमला, तिथून छिंदवाडा, मग सौंसर आणि परत नागपूर. रेल्वेचं सर्क्युलर तिकीट असतं. जिथून निघालो तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. त्यासाठी आधी मार्ग लिहून अर्ज करावा लागतो. लांबच्या तीर्थयात्रेला ही उत्तम सोय आहे. पण जामसावळीला आणि मोहगावला स्टेशन कुठे आहे? शिवाय पांढुर्णा इटारसी मार्गावर आणि सौंसर छिंदवाडा मार्गावर. दोन्ही गावं आता एका जिल्ह्यात असली तरी रूळ त्यांना थेट जोडत नाहीत.

शेवटी ठरलं: पास नाही. जिथे जे वाहन मिळेल ते, आणि तिकीट रोजच्या रोज.

पहिला दिवस सावनेरचा. राम गणेश गडकऱ्यांचा २३ जानेवारी १९१९ ला इथेच मृत्यू झाला. बाबांना शाळेत गडकरी शिकवले गेले, म्हणून त्या गावात त्यांना नुसतं उभं राहायचं होतं. दुपारी धापेवाड्याला गेलो. तिथल्या नदीचं नाव चंद्रभागा आणि देव विठ्ठल, म्हणून ते विदर्भाचं पंढरपूर. पायऱ्यांवर बाबा अर्धा तास बसले. आम्ही घड्याळ बघितलं नाही, कारण वसूल करायचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून सौंसरच्या एसटीत बसलो. कंडक्टर तरुण मुलगा होता. त्याने बाबांचं आधार कार्ड पाहिलं, मशीनवर बटणं दाबली आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, बॉर्डरपर्यंत तुमचं फुकट. पुढचं तिकीट काढावं लागंल." माझंही तसंच, हद्दीपर्यंत अर्धं, तिथून पूर्ण. या सवलती महाराष्ट्र सरकारच्या, त्यामुळे त्या राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. नियम अगदी सरळ आहे. बाबांनी खिशातून नोट काढून दिली आणि हसत म्हणाले, "साऱ्या महाराष्ट्रात फुकट, न् माह्या गावाले पैसे!"

बसमधले दोघंतिघं हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. सातनूरचा नाका आला आणि गेला. अलीकडे संत्र्याच्या बागा, पलीकडेही संत्र्याच्याच. अलीकडे कापूस, पलीकडे कापूस. दुकानांच्या पाट्या तेवढ्या हिंदी झाल्या, पण पाटीखाली बसलेला दुकानदार गिऱ्हाइकाशी आमच्याच बोलीत बोलत होता.

मुलाने विचारलं की मग ही गावं महाराष्ट्रात का नाहीत? बाबांनी त्याला समजावून सांगितलं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत प्रश्नच नव्हता, कारण तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. दुसऱ्या दिवसापासून राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर आपला सौंसर तालुका. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. "आमी कुठीच गेलो नाही," ते म्हणाले, "राजधानी तेवढी उठून भोपाळले गेली."

सौंसर स्टेशनात आता ब्रॉडगेज आहे. छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. बाबा कॉलेजला त्याच गाडीने नागपूरला जात. नव्या फलाटावर उभं राहून त्यांनी नातवाला जुना रूळ केवढा अरुंद होता ते दोन हातांच्या अंतराने दाखवलं.

मध्य प्रदेशाचं एसटी महामंडळ २००५ मध्ये गुंडाळायचं ठरलं, त्यामुळे इथून पुढचा सगळा प्रवास खासगी बसचा आणि ऑटोचा. इथे कुठलाच पास चालत नाही. पण ड्रायव्हर म्हाताऱ्या माणसासाठी बस दारापाशी आणतो आणि भाडं तोंडी ठरतं.

जामसावळीचा हनुमान पिंपळाखाली झोपलेल्या स्थितीत आहे. मंगळवारी आणि शनिवारी गर्दी असते, म्हणून आम्ही बुधवारी गेलो. मनाचा आजार असलेल्या माणसांना घेऊन कुटुंबं इथे येऊन राहतात. एक आई आपल्या तरुण मुलाचा हात धरून प्रदक्षिणा घालत होती; तिला कसलीच घाई नव्हती. २०२३ मध्ये इथे 'हनुमान लोक'चं भूमिपूजन झालं आहे. म्हणजे उद्या मोठं संकुल, मोठे वाहनतळ, कदाचित मोठ्या सहलींच्या यादीत नाव. गावाला रोजगार मिळेल, ते चांगलंच. बाबा मात्र पिंपळाकडे बघत होते. त्यांच्या आईने त्यांना लहानपणी इथे चालत आणलं होतं.

मोहगावला सर्पा नदीच्या काठी अर्धनारीश्वराचं मंदिर आहे. तिथे त्या दुपारी आमच्याशिवाय एक पुजारी आणि दोन शाळकरी मुली, एवढेच.

पांढुर्णा म्हटलं की वर्तमानपत्रांत गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगावची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. सावरगावची मुलगी पांढुर्ण्याच्या मुलाबरोबर पळून निघाली, नदीत दोघं सापडली आणि दोन्ही काठांवरून दगड आले, अशी कथा सांगतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. डिसेंबरात पात्र शांत होतं. एका काठाला कपडे धुणं चाललं होतं, पुलावरून माणसं या गावातून त्या गावात भाजी आणायला जात होती. मुलगा बराच वेळ त्या पुलावर थांबला. मग म्हणाला, "आई, दोन गावांमध्ये एवढंच अंतर?"

ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे आणि सौंसर त्याच जिल्ह्यात. बाबांना याचा आनंद आहे. कलेक्टर कचेरीसाठी आता छिंदवाड्याचा घाट चढावा लागत नाही.

मुलताईला तापीच्या कुंडापाशी यादी संपली. परतीला पांढुर्ण्याहून नागपूरची एसटी मिळाली. हद्दीपर्यंत बाबांचं तिकीट, पुढे फुकट. सहा नावांना पाच दिवस लागले. चिरंजीवांनी हिशेब केला: दोघांसाठी सात दिवसांचे पास घेतले असते तर निम्मेही वसूल झाले नसते.

तेव्हा मंडळी, सुट्टीत गावाकडे जाल आणि महाराष्ट्रभर लांब लांब फिरायचं असेल, तर 'आवडेल तेथे'चा पास जरूर घ्या. इतकी स्वस्त आणि मोकळी सोय दुसरी नाही. एखादंच मोठं रेल्वे वर्तुळ करायचं असेल तर सर्क्युलर तिकीट पाहा. पण घरातलं वडीलधारं माणूस छोट्या गावांची नावं सांगत असेल, तर आधी ती नावं कागदावर उतरवून घ्या आणि पासाचा विचार नंतर करा. पासाच्या यादीत बसतील तीच गावं बघायची असं ठरवलं, तर सौंसर कधीच बघून होणार नाही. आणि छोट्या देवळाबाहेरची चहाची टपरी काय, छोट्या डोंगरावरचं हॉटेल काय, चालतं ते तिथे दोन तास रेंगाळणाऱ्या माणसांवरच.

आम्ही निघताना बाबांनी डायरीच्या त्याच पानावर सातवं नाव लिहिलं: रामाकोना. जुन्या छोट्या गाडीचं स्टेशन. "पुढच्या साली," म्हणाले. आम्ही तिकिटं काढली आहेत, विमानाची. पुढची रोजच्या रोज काढू.