तीनशे शब्दांचा निबंध

गेली एकतीस वर्षे मी मुलांना निबंध घालीत आलो आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझे गाव’, ‘मी पंतप्रधान झालो तर’. विषय बहुधा तेच. मुले मात्र दरवर्षी नवी. निबंध ही शिक्षा आहे असे मला कधी वाटले नाही. मुलांना ती तशी वाटत आली, ही गोष्ट निराळी. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात देशभर एका निबंधाची थट्टा सुरू झाली, तेव्हा आपल्याच धंद्याची कोणी टवाळी करावी तसे मला प्रथम वाटले.

हकीकत वाचकांच्या स्मरणात असेलच. १९ मेच्या अपरात्री पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरच्या तरुण-तरुणीचा, दोघेही चोवीस वर्षांचे अभियंते, प्राण गेला. मोटार चालविणाऱ्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झालेली नव्हती, आणि मोटारीची नोंदणीही पुरी झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला आणि ज्या अटी घातल्या, त्यांत एक होती ती अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. लोकक्षोभ उसळल्यावर तीन दिवसांनी मंडळाने आपला आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात धाडले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याची तेथून सुटका केली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा ही मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

गेलेली दोन्ही मुले मध्य प्रदेशातली. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी तसे छापले. आम्ही इकडे ‘आपली’ म्हटले. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात आता असे घर विरळा, ज्यातले एखादे मूल नागपूर-पुण्याला नोकरीवर नाही. संत्र्याची बाग थोरल्याकडे आणि पुण्याची खोली धाकट्याकडे, अशी वाटणीच होऊन बसली आहे. माझी धाकटी मुलगी तेथेच असते व स्कूटरने कामावर जाते. त्या रविवारी ती बातमी कानी पडताच हिने तिला फोन लावला. तिने उचलला नाही, झोपली होती. पाऊण तासाने तिचा फोन आला तेव्हा ही देवघरात होती आणि मी उगाचच अंगणात पाणी शिंपीत होतो.

पण लिहायला बसलो आहे ते पुण्यासाठी नव्हे. त्या खटल्यात जो तो मुलाचे वय मोजत होता. किती महिने कमी? वयाचा दाखला काय सांगतो? हे वाचताना मला एक दुसरा दाखला आठवत राहिला, जो मी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी याच तहसिलीतल्या दुसऱ्या एका शाळेत होतो. अकरावीतला एक मुलगा गावाहून वडिलांची मोटारसायकल घेऊन येई. अभ्यासात बेताचा, पण कामाला तत्पर. शाळेत शिपाई एकच, तोही आठवड्यातून दोन दिवस रजेवर. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पोचवायचे असोत की सौंसरहून टपाल आणायचे असो, ‘सर, मी जाऊन येतो’ म्हणून तो उभाच. मी त्याला किमान सात-आठ वेळा पाठविले. वर पालकसभेत, असा मुलगा प्रत्येक वर्गात असावा, असेही बोललो. त्याचे वय मी विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती. दाखल-खारिज रजिस्टर माझ्याच कपाटात होते.

डिसेंबरातल्या एका सकाळी, धुके असताना, गावची वाट जेथे मोठ्या रस्त्याला मिळते तेथे ट्रकने त्याला उडविले. त्या दिवशी तो माझ्या कामावर नव्हता, शाळेला येत होता. हे वाक्य मी पुढे कितीतरी लोकांना सांगितले. कोणी न विचारता सांगितले.

तेराव्यानंतर वडील शाळेत आले. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी जन्मतारखेचा दाखला हवा होता. मी रजिस्टर काढले. सोळा वर्षे, चार महिने. ते वाचता येत नसतानाही रजिस्टरातल्या ओळीकडे बघत राहिले, आणि मग अगदी हळू म्हणाले, ‘गुर्जी, दोन वर्सं वाढवून द्या न जी. लायसन नव्हतं म्हून पैसे कापतीन म्हणते वकील.’

मी खरी तारीख लिहिली. त्यात शौर्य काही नव्हते, नोकरीचे भय होते. नुसता परवाना नव्हता एवढ्यावरून अपघातात त्याचाही दोष होता असे धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच एका निकालात म्हटले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा ठाऊक असते तर त्या माणसाला निदान एवढे तरी सांगता आले असते. त्यांनी दाखला चार घड्या करून टोपीत ठेवला आणि जाता जाता म्हणाले, ‘पोरगा तुमचं लय नाव काढे.’ मोठ्या शहरातल्या घराला मुलाचे वय अठराच्या आत असल्याचा आधार होता. या घराला तेच वय आड येईल असे भय होते. आणि दोन्हीकडे गाडीची किल्ली मोठ्यांच्याच हातून गेलेली होती. माझ्या टेबलावरून तर ती सात-आठ वेळा गेली.

कायदा आता कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मी हे प्रार्थनेनंतर वाचून दाखविले. मुलांनी शांतपणे ऐकले. शाळा सुटल्यावर भिंतीपलीकडच्या कडुनिंबाखाली अकरा मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज मी मोजला.

मग जुलैत मी नववीला तोच विषय घातला. ‘रस्त्यावरील अपघात’, शब्द तीनशे. आमच्या इकडे घरात मराठी आणि फळ्यावर हिंदी, तेव्हा भाषेची मोकळीक दिली. बहुतेकांनी गाइडातले उतरवून काढले. हेल्मेट, झेब्रा क्रॉसिंग (लोधीखेड्यात ते शोधावे लागेल), ‘दुर्घटना से देर भली’. एका मुलाने मात्र सहाच ओळी लिहिल्या. तो मोटारसायकलने येतो. बाबांनी सांगितले आहे, पोलीस दिसले तर गल्लीतून जा. त्याला ऐंशीने चालवता येते. सरकारने दिलेली सायकल घरी आहे, तिच्यावर आई कपडे वाळत घालते.

एकतीस वर्षांत एवढा खरा निबंध माझ्या हाती क्वचितच आला असेल. गुण किती द्यावे हे मात्र समजेना.

आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना मी वही दाखविली. ते मुलांना मैदानावर घेऊन गेले. ताशी साठ किलोमीटर म्हणजे एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर. त्यांनी झेंड्याच्या खांबापासून टेप धरून सतरा मीटर मोजले, तेथे चुना टाकला. समोर गाय आली हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी इतकी पुढे गेलेली असते, तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. मग ऐंशीची रेघ ओढली, बावीस मीटरांवर. वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो, हेही सांगितले. सहा ओळीवाला मुलगा दोन रेघांच्या मधल्या जागेत पावले टाकून पाहत होता.

रस्ता सुधारला की माणसे वाचतील असे आम्ही लहानपणी मानीत होतो. २०१५ पर्यंत येथून नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी धावे. तिच्या वेगाची चेष्टा करण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. आता रस्ते गुळगुळीत झाले आणि त्यांवर आमची पोरे हवेत तरंगतात. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली; दहांतली सुमारे सात अतिवेगाच्या अपघातांत. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी आमचे राज्य तमिळनाडूच्या खालोखाल दुसरे होते.

ऑगस्टपासून मी फाटकाशी उभा राहू लागलो. मोटारसायकल आणणाऱ्या मुलाच्या घरी निरोप, किल्ली पालकांच्याच हाती. चार दिवसांत पालक आले. एकजण म्हणाले, ‘सात किलोमीटर आहे जी सर, बस येत नाही, पोरीला सायकलवर एकटीला धाडू का?’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजून नाही. मी एवढेच म्हणालो, मुलीला तुम्ही स्वतः आणून सोडा. ते सोडतात, आठवड्यातून तीन दिवस. उरलेले तीन दिवस ती उशिरा येते, आणि हजेरीपटावर मी तिची उशिराची खूण करीत नाही.

सहा ओळींची ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, गुण न दिलेली. मुलगा दोनदा मागायला आला. हल्ली सायकलने येतो, तिचा दांडा अजून साबणाने पांढुरका आहे. कडुनिंबाखाली परवा मोजल्या तेव्हा मोटारसायकली चार होत्या.