मदिनेत घरचा रस्ता

मस्जिद-ए-नबवीजवळच्या हॉटेलात अब्बांना पेन्शनची वेबसाइट उघडेना; ती फक्त भारतातूनच चाले. सोबत मुठीएवढा राऊटर होता. व्हीपीएन बंद ठेवून आधी हॉटेलच्या वाय-फायवर लॉगिन केलं. नाहीतर लॉगिनचं पानच येत नाही. मग वायरगार्ड सुरू केलं आणि रत्नागिरीच्या घरच्या राऊटरपर्यंत बंदिस्त वाट तयार झाली.

पण त्या वाटेने सगळ्यांना कशाला न्यायचं? राऊटरच्या यादीत फक्त अब्बांचा मोबाइल नोंदवला. मक्केच्या हरमैन रेल्वेची तिकिटं, नकाशा पाहणारे आमचे फोन थेट हॉटेलच्याच नेटवर ठेवले. उगाच रत्नागिरीचा वळसा नको. ‘किल स्विच’ही लावला. रत्नागिरीत वीज गेली, तर अब्बांचं काम थांबेल. पण मोबाइल गुपचूप हॉटेलच्या वाटेला लागणार नाही. ज्याची गरज, त्यालाच ती वाट.