मामांचे अडीच घर

नाशिकला माणसे जातात ती रामकुंडावर स्नानाला, त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला, नाही तर अलीकडे द्राक्षांचे मळे पाहायला. मी गेलो तो एका सहा वर्षांच्या मुलीला बुद्धिबळे शिकवायला. आणि तेही माझ्या मामांच्या घरी! ज्यांच्या मांडीला मांडी लावून मी स्वतः हा खेळ शिकलो, त्यांच्याच नातीला शिकवायला मुंबईहून माणूस का लागावा, हे मामींच्या फोनवरून नीटसे उमगले नव्हते. "तू आधी ये. घरात लढाई पेटली आहे," एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

पंचवटी एक्सप्रेसने कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की हवा बदलते आणि मन आपोआप आजोळी जाऊन पोचते. जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले आहे म्हणतात. सराफ बाजारामागच्या बोळांतून सामान घेऊन चालणाऱ्याला त्या नऊही टेकड्या पोटऱ्यांत जाणवतात. गल्ली चढते, वळते, पुन्हा उतरते. "आमच्या गावात सपाट जागा एकच, बुद्धिबळाचा पट," असे मामा पूर्वी म्हणत. या खेपेला मात्र ते ओट्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते आणि पट गुंडाळून कपाटावर ठेवलेला होता.

लढाईचे कारण जेवताना कळले. मामा खेळतात ती देशी बुद्धिबळे. त्यांत प्यादे नेहमी एकच घर चालते. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचले ते मोहरे होते. घोड्याच्या रांगेत गेले तर घोडा, हत्तीच्या रांगेत गेले तर हत्ती. नातीला त्यांनी हेच शिकवले होते. पुढे तिला गंगापूर रोडवरच्या एका क्लासात घातले. तिथे पहिल्याच आठवड्यात तिने राजाला उचलून अडीच घरे उडवले. मुले हसली, शिकवणारेही हसले. घरी येऊन ती म्हणाली, "आजोबा, तुम्हांला खेळता येतच नाही." मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पट गुंडाळला. मुलगी क्लासाला जाईना, आजोबा पटावर बसेनात, आणि शाळेतल्या स्पर्धेला चार दिवस उरलेले.

पोरीला म्हटले, आपण अगदी पहिल्यापासून खेळू. लहान मुलांना सारी बत्तीस मोहरी एकदम मांडून देणे मला पटत नाही. सहा चाली एकाच वेळी सांगितल्या तर मूल सहाही विसरते. मी नुसती प्यादी मांडली, आठ तिची, आठ माझी. सरळ चालायचे, तिरपे मारायचे, ज्याचे प्यादे आधी पलीकडे पोचेल त्याचा डाव. पहिल्या खेळीला हवे तर दोन घरे. तासाभरात तिने मला तीनदा हरवले. (एकदा खरोखरच.) मग एकेक मोहरे पटावर आणले. हत्ती सरळ, उंट तिरपा, वजीर दोन्हींकडे. घोड्याशी मात्र थांबावे लागले. कोपऱ्यातल्या घोड्याला जायला दोनच घरे, मधल्या घोड्याला आठ. ती आठ घरे तिने स्वतः शोधून त्यांवर शेंगदाणे ठेवले, आणि सापडलेले घर विसरू नये म्हणून शेंगदाणे खाल्ले नाहीत. सहा वर्षांच्या वयात हा मोठाच संयम.

"क्लासात वजिराला क्वीन म्हणतात. खरे काय?" तिने विचारले. मी म्हटले, दोन्ही खरे. हा खेळ आपल्याकडून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. वजिराची तिकडे राणी झाली. आपला उंट इंग्रजांकडे धर्मगुरू झाला, फ्रेंचांकडे विदूषक आणि जर्मनांकडे धावणारा. यावर ती इतकी हसली की वर्तमानपत्र थोडे खाली आले.

मग मीही जरा मोठ्यानेच बोलू लागलो. पूर्वी वजीर तिरपा एकच घर चाले. त्याला आजचे बळ युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाले, आणि आपल्या देशी खेळानेही पुढे ते आनंदाने घेतले. १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत निघाले, तेही युरोपीय पद्धतीला जुळवून. म्हणजे हे भांडण आपल्या घरातले नव्हे, दोनशे वर्षांचे आहे. किल्लेकोट समजावला, राजा दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे येतो, तेव्हा वर्तमानपत्रामागून आवाज आला, "राजाने स्वतः उडी घ्यायची की हत्तीच्या आड लपायचे? काय ही रीत!" पण बोलले, हे महत्त्वाचे.

संध्याकाळी तिला घेऊन गोदेवर गेलो. दुतोंड्या मारुतीपाशी उभे राहून तिने मला पुराचे पाणी कुठवर आले होते ते दाखवले. नाशिककरांची ती मोजपट्टीच आहे. वाटेत म्हणाली, "काका, विदित पण असाच शिकला?" विदित गुजराथी हे नाव नाशिकच्या पटावर बसणाऱ्या मुलांच्या तोंडी असणारच. याच गावात वाढलेला हा मुलगा २००८ मध्ये व्हिएतनाममध्ये चौदा वर्षांखालच्यांचा जगज्जेता झाला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. २०२४ साली टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत त्याने नाकामुराला दोन्ही डावांत हरवले, आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. मी तिला नागपूरच्या दिव्या देशमुखचेही सांगितले, २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला म्हणून. आणि मुंबईच्या वासंती खाडिलकरचे, जिने १९७४ साली बंगलोरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेराव्या वर्षी. तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मला अजून सात वर्षे आहेत."

रविवारी शाळेत आम्ही तिघे गेलो. मामा "सहज, पाय मोकळे करायला" म्हणून आले. मोठ्यांना दाराबाहेर उभे केले होते. पहिला डाव ती हरली, दुसरा जिंकली. तिसऱ्यात एकेक करीत तिची सारी मोहरी गेली आणि एकटा राजा कोपऱ्यात उरला; समोरच्या मुलाकडे वजीर आणि दोन हत्ती. मामांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता. मुलगा घाईघाईने वजीर असा काही जवळ घेऊन बसला की राजाला शह तर नाही, पण हलायला घरही नाही. पंच आले, वाकून पाहिले आणि अर्धा अर्धा गुण लिहिला.

ती धावत बाहेर आली. "आजोबा, एवढे सगळे मेले तरी अर्धा मिळाला!"

"मिळणारच," मामा म्हणाले. "एकटा राजा उरला ना? आमच्यात त्याला बुर्जी म्हणतात. पुरी जीत नव्हे ती. हे बाकी या लोकांनी बरोबर ठेवले आहे."

बुर्जीचा नियम निराळा आणि हा निराळा, हे मला ठाऊक होते. मी गप्प राहिलो. घरी आल्यावर मामांनी चपलाही न काढता कपाटावरचा पट खाली घेतला, धूळ झटकली आणि नातीला विचारले, "दोन घरे फक्त पहिल्याच खेळीला ना ग? मग पुन्हा एकेक?"